गैरहजर म्हणजे शून्य नव्हे!

सदर : संगणकाशी गट्टी



मागच्या काही लेखांत आपण छोटे छोटे प्रोग्राम लिहिले आणि ते नीट चालतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्या चाचण्याही घेतल्या. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक पत्र सोलापूरच्या पूर्व भागातून आले आहे, नववीतल्या एका मैत्रिणीचे. ती लिहिते :

"आम्ही चौघींनी मिळून चादरीच्या दुकानाचे बिल करणारा प्रोग्राम लिहिला आहे. रोज त्याच्या चाचण्या घेतो. रोज अहवाल येतो. आता त्या अहवालांचे एवढे मोठे बाड झाले आहे, की टॉवेलच्या बिलातली चूक पहिल्यांदा कुठल्या दिवशी आली एवढे शोधायलासुद्धा अख्खी मधली सुट्टी जाते. माझा प्रश्न असा, की जो अहवाल कॉम्प्युटरनेच लिहिला, तो कॉम्प्युटरलाच का वाचता येत नाही?"

शाब्बास! प्रश्न असावा तर असा. आज आपण याच प्रश्नाचा फडशा पाडू या.

लिहिले खरे, पण कळले नाही!

आधी त्या अहवालाचा एक नमुना पाहा. आपण सोपा करून घेतला आहे.

एकूण चाचण्या : ५
चाचणी १ | दोन चादरींचे बिल | बरोबर | ०.०१ सेकंद
चाचणी २ | एकही चादर नाही | बरोबर | ०.०१ सेकंद
चाचणी ३ | डझनभर टॉवेलचे बिल | चूक : हवे ७२०, आले ६६० | ०.०२ सेकंद
चाचणी ४ | सवलतीचे बिल | घेतली नाही : सवलतीचा दर ठरलेला नाही | ०.०० सेकंद
चाचणी ५ | पावती छापणे | अडकली : प्रिंटर सापडला नाही | ३.०० सेकंद

तुम्ही आम्ही हा अहवाल वाचला, की लगेच कळते. तिसऱ्या चाचणीत घोळ आहे. साठ रुपयांचा एक, असे बारा टॉवेल म्हणजे ७२० रुपये व्हायला हवेत. आले ६६०. म्हणजे बहुधा प्रोग्रामने अकराच टॉवेल मोजले, शेवटचा विसरला! हे आपण एका दमात ओळखले.

कॉम्प्युटरला मात्र हा सगळा अहवाल म्हणजे एकापुढे एक ठेवलेली अक्षरे. रेडिओवर बातम्या लागतात, पण रेडिओला कुठे बातमी कळते? तसेच हे. 'चूक' हा शब्द त्याने छापला, पण त्याच्या लेखी तो 'च'चा उकार आणि पुढे 'क', एवढाच. ७२० हा आकडासुद्धा त्या ओळीत संख्या म्हणून नसतो. सात, दोन आणि शून्य अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी बसलेली असतात, बस्स.

म्हणजे मैत्रिणीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : तो अहवाल कॉम्प्युटरने लिहिला, पण लिहिला माणसासाठी. यंत्राला वाचायचा असेल, तर त्याचे रूप बदलावे लागते.

एकाच पानाला दोन वाचक असतात, हे तर तुम्ही रोज पाहता. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम जगभर गाजले. आता तो क्यूआर कोड डोळ्यासमोर आणा. धडा तुमच्यासाठी आणि काळ्यापांढऱ्या चौकटींचा तो ठिपका मोबाइलसाठी. पान एकच, वाचक दोन!

मोर आधी कागदावर, मग भोकांत

सोलापूरकरांना ही युक्ती काही नवी नाही. घरातली सोलापुरी चादर काढा आणि तिच्यावरची नक्षी पाहा. ही नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांच्यामधून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कुठले उभे धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, यावर नक्षी ठरते.

हे ठरवण्याचे काम जॅकार्ड नावाचे यंत्र करते. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने ते १८०४ साली तयार केले. नक्षीकार आधी चौकटींच्या कागदावर मोर काढतो. तो कागद आपल्या डोळ्यांसाठी. पण मागाला डोळे कुठे आहेत? म्हणून त्या कागदावरची एकेक ओळ घेऊन तिचे एकेक पुठ्ठ्याचे कार्ड करतात. भोक असेल तिथला धागा वर जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. सगळी कार्डे ओळीने दोरीने बांधतात. माग फिरू लागला, की एकेक कार्ड पुढे सरकते आणि चादरीवर मोर उमटू लागतो.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक : कार्डांचा क्रम चुकला, तर मोराची मान एकीकडे आणि धड दुसरीकडे. दोन : एक भोक चुकीच्या जागी पडले, तर ती चूक एका चादरीत राहत नाही. त्या कार्डांवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत ती येते. माग काही म्हणत नाही, की "अहो, ही चोच वाकडी दिसते." तो मुकाट्याने विणत राहतो.

आपल्याला अहवालाचेही असेच 'कार्ड' करायचे आहे. मागासाठी भोकांचे, तसे प्रोग्रामसाठी रकान्यांचे.

कोरा फॉर्म आणि भरलेला फॉर्म

शाळेत प्रवेश घेताना फॉर्म भरतात ना? नाव, जन्मतारीख, पत्ता, इयत्ता. कोरा फॉर्म सगळ्यांना सारखाच. भरल्यावर मात्र प्रत्येकाचा वेगळा. प्रोग्रामच्या भाषेत त्या कोऱ्या फॉर्मला म्हणतात क्लास. (शिकवणीचा नव्हे हं!) आणि भरलेल्या फॉर्मला म्हणतात ऑब्जेक्ट.

आपल्या 'चाचणी' या फॉर्ममध्ये कोणकोणते रकाने हवेत? चला, तिसऱ्या चाचणीचा फॉर्म भरून पाहू.

क्रमांक : ३ (संख्या)
नाव : डझनभर टॉवेलचे बिल (मजकूर)
निकाल : चूक (चारांपैकी एक)
हवे होते : ७२० (संख्या, रुपये)
आले : ६६० (संख्या, रुपये)
वेळ : ०.०२ (संख्या, सेकंद)
कारण : रिकामे

अशा पाच ओळींचे पाच फॉर्म झाले, म्हणजे पाच ऑब्जेक्ट. आता कॉम्प्युटरला विचारा, "ज्यांच्या निकालात 'चूक' आहे, ते फॉर्म काढ." काढले! "सगळ्यांच्या वेळांची बेरीज कर." ३.०४ सेकंद! "सर्वांत जास्त वेळ कोणी खाल्ला?" पावती छापणे! आता महिनाभराचे अहवाल या रूपात आणा आणि विचारा, "टॉवेलचे बिल पहिल्यांदा कधी चुकले?" उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजर. मधली सुट्टी खेळायला मोकळी!

ओळीचे व्याकरण चालवू या

ओळीतून फॉर्म भरण्याच्या या कामाला पार्सिंग म्हणतात. शब्द परका वाटला, तरी काम तुमच्या ओळखीचे आहे. मराठीच्या पेपरात प्रश्न येतो ना, 'अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा'? इंग्रजीच्या तासाला त्यालाच पार्सिंग म्हणतात. वाक्यातला कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोणते हे आपण वेगळे काढतो. इथे ओळीतला क्रमांक कोणता, नाव कोणते, निकाल कोणता हे वेगळे काढायचे. कृती अशी :

पायरी १ : अहवालाच्या ओळी सुट्या करा.

पायरी २ : ओळ चाचणीची आहे का, ते पाहा. 'चाचणी' या शब्दाने सुरू होते का? होत असेल तर पुढे न्या. नसेल तर फेकू नका, बाजूला ठेवा. ओळखता न आलेल्या ओळी किती निघाल्या, ते शेवटी सांगता आले पाहिजे.

पायरी ३ : उभ्या रेघेपाशी ओळ तोडा आणि तुकड्यांच्या मागची पुढची मोकळी जागा काढून टाका.

पायरी ४ : प्रत्येक तुकडा त्याच्या रकान्यात घाला. संख्या असेल तर तिला खरोखरीची संख्या करा.

पायरी ५ : भरलेले फॉर्म मोजा. वर लिहिलेल्या 'एकूण चाचण्या'शी आकडा जुळतो का, ते पाहा.

चौथ्या पायरीवर जरा थांबू या. मजकुरातले १२ आणि संख्या १२ यांत फरक काय? मजकुरातल्या १२ ला दुसरे १२ जोडले, तर १२१२ होतात. संख्यांची बेरीज केली, तर २४. क्रम लावतानाही तीच गंमत. मजकूर म्हणून लावला, तर १, १०, ११, २, ३ असा क्रम लागतो, कारण कॉम्प्युटर शब्दकोशासारखे पहिले चिन्ह आधी पाहतो. हजेरीपटात असे झाले, तर दोन नंबरचा मुलगा अकराव्याच्या मागे जाऊन बसेल!

आणि एक सुखाची गोष्ट सांगू? पायथन नावाची जी भाषा बरेच जण शिकत आहेत, तिला मजकुरातले '१२' आपल्या देवनागरी अंकांत दिले आणि "याची पूर्ण संख्या कर" म्हटले, तर ती बिनतक्रार बारा करते. करून पाहा.

'ओके' शोधाल, तर फसाल

आता तुमच्यातले काही चतुर म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? अहवालात 'बरोबर' हा शब्द किती वेळा आला ते मोजले, की झाले!"

थांबा. उद्या एखाद्या ओळीत 'बरोबर नाही' असे आले तर? त्यातही 'बरोबर' आहेच की! किंवा चाचणीचे नावच 'चूक पावती रद्द करणे' असे असेल आणि निकाल 'बरोबर' असेल, तर? तुमचा प्रोग्राम तिला 'चूक' म्हणून मोजेल.

हा काही आम्ही रचलेला चक्रव्यूह नाही. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल ही भाषा तयार केली. तिच्या चाचण्यांचा निकाल यंत्राला वाचता यावा म्हणून एक साधी पद्धत ठरली. चाचणी जमली, तर ओळीच्या सुरुवातीला 'ओके' आणि फसली, तर 'नॉट ओके'. ही पद्धत पुढे 'टॅप' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही वापरात आहे. आता 'नॉट ओके'च्या पोटातच 'ओके' बसलेला आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. नुसते 'ओके' शोधणारा प्रोग्राम नापासालाही पास करून टाकेल.

त्याहून मोठी मेख पुढे आहे. टॅपमध्ये एखादी चाचणी मुद्दाम वगळली, तर तिची ओळसुद्धा 'ओके' अशीच सुरू होते. वगळल्याचा शेरा ओळीच्या शेपटीला, # या खुणेनंतर लिहिलेला असतो. ज्याने डोके वाचले आणि शेपूट वाचले नाही, त्याच्या हिशेबात न घेतलेली परीक्षाही पास!

आजचा मुख्य धडा

समजा, एका मुलाला तीन चाचण्यांत ४०, ३५ आणि... तिसऱ्या दिवशी त्याला ताप होता. गुरुजींनी हजेरीपटात 'गैरहजर' लिहिले. आता हे गुण कॉम्प्युटरमध्ये भरताना कोणीतरी विचार केला, "रकाना संख्येचा आहे, 'गैरहजर' कसे लिहायचे? शून्य टाकू." झाले! सरासरी आली २५. प्रत्यक्षात दिलेल्या दोन चाचण्यांची सरासरी आहे ३७.५. मुलगा तोच, उत्तरपत्रिका त्याच. एका शून्याने त्याला मागच्या बाकावर नेऊन बसवले.

कॉम्प्युटरने काही चुकवले का? मुळीच नाही. त्याने गणित अगदी बरोबर केले. चूक गणिताच्या आधीच झाली होती, कागदावरचा शब्द रकान्यात घालताना. आणि एकदा शून्य लिहिले, की 'गैरहजर' हा शब्द कायमचा गेला. नंतर पाहणाऱ्याला वाटणार, की मुलाला काहीच आले नाही.

म्हणून आपल्या फॉर्ममध्ये निकालाच्या रकान्यापुढे 'चारांपैकी एक' असे लिहिले आहे. ते चार असे :

बरोबर : चाचणी घेतली, उत्तर हवे तेच आले.
चूक : चाचणी घेतली, उत्तर वेगळे आले.
अडकली : चाचणी पुरी होण्याआधीच काहीतरी बिघडले. उत्तर आलेच नाही.
वगळली : चाचणी घेतलीच नाही.

हे चार कप्पे आम्ही मनाने केलेले नाहीत. केंट बेक आणि एरिक गामा या दोन प्रोग्रामरांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसल्या बसल्या 'जेयुनिट' हे चाचण्या घेण्याचे साधन लिहायला घेतले. पुढे जेयुनिटच्या धर्तीचे अहवाल एक्सएमएल या खुणांच्या लिपीत लिहिण्याची रीत पडली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला नावाची चिठ्ठी लावलेली असते. हे नाव, हा वेळ, ही चूक, ही अडकलेली, ही वगळलेली. चुकलेली, अडकलेली आणि वगळलेली या तिघींच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या. आज कितीतरी साधनांचे अहवाल या धाटणीचे असतात.

आता आपल्या अहवालाकडे परत या. पाचांपैकी दोन बरोबर, एक चूक, एक अडकली, एक वगळली. कोणी विचारले, "किती टक्के काम नीट झाले?" तर काय सांगाल? पाचांतल्या दोन म्हणून ४० टक्के? वगळलेली पास धरली, तर ६० टक्के. शेवटपर्यंत गेलेल्या तीनच चाचण्या धरल्या, तर जवळजवळ ६७ टक्के! एकाच अहवालातून तीन आकडे. ज्याला फुशारकी मारायची आहे तो ६७ सांगेल. तुम्ही मात्र चारही कप्पे सांगा. पाच घेणार होतो, दोन बरोबर, एक चूक, एक अडकली, एक वगळली. ऐकणाऱ्याला खरे काय ते कळेल.

पाचवी पायरीही इथेच कामाला येते. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पर्यवेक्षक आकडा लिहितात ना, तसाच टॅपच्या अहवालात आपण किती चाचण्या घेणार हा आकडा लिहिण्याचा रकाना असतो. बहुधा तो सुरुवातीलाच येतो. पाच म्हटले आणि तीनच ओळी आल्या, तर? त्या तिन्ही बरोबर असल्या तरी आनंदाने उड्या मारायच्या नाहीत. उरलेल्या दोन कुठे गेल्या? बहुतेक प्रोग्राम मध्येच बंद पडला. नुसते 'चूक' शोधणाऱ्याला इथे एकही चूक सापडणार नाही, आणि तो म्हणेल, "सगळे ठीक!"

एकक हरवले, यान हरवले

आपल्या फॉर्ममध्ये वेळेपुढे 'सेकंद' आणि रकमेपुढे 'रुपये' असेही लिहिले आहे. एवढी बारीक काळजी कशासाठी? त्याची एक महागडी गोष्ट ऐका.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे धाडले. वाटेत यानाची छोटी इंजिने अधूनमधून चालवावी लागत. त्या धक्क्यांचे आकडे पृथ्वीवरचा एक प्रोग्राम फाइलमध्ये लिही आणि दुसरा प्रोग्राम ते वाचून यानाचा मार्ग काढी. लिहिणारा लिहीत होता पाउंडाच्या मापात. वाचणारा समजत होता, की हे न्यूटनच्या मापात आहेत. एक पाउंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक धक्का होता त्याच्या चौपटीहून लहान समजला गेला.

आकडा पोचला, एकक पोचले नाही. यान मंगळाशी ठरल्यापेक्षा फारच जवळून गेले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच्याशी संपर्क तुटला, तो कायमचा. नऊ महिन्यांहून अधिक प्रवास करून गेलेले यान शेवटच्या टप्प्यावर नाहीसे झाले. पुढे पंधरा वर्षांनी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, आपले मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा त्या आनंदात सामील होताना कितीतरी शास्त्रज्ञांना हे जुने यान आठवले असेल.

सरांनी गणिताच्या वहीत 'एकक लिहा' असा लाल शेरा मारला, तर यापुढे रागावू नका!

नको तेवढी हुशारी

कधी कधी प्रोग्राम कमी नव्हे, तर जास्तच शहाणपणा करतो. हिशेबाच्या तक्त्याच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये, ००७ असा क्रमांक टाइप करून पाहा. पुढची शून्ये गायब होतात आणि ७ उरतो. '३-४' असे लिहिले, तर तो म्हणतो, "अच्छा, तारीख दिसते आहे!" आणि तारीख करून टाकतो.

याचा फटका मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही बसला. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजीतली छोटी नावे 'सेप्ट १', 'मार्च १' अशी होती. तक्त्यात टाकली, की त्यांच्या झाल्या सप्टेंबर आणि मार्चमधल्या तारखा! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या दिलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात नावांचा असा घोळ होता. शेवटी २०२० पर्यंत जनुकांना नावे देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. 'सेप्ट १'चे झाले 'सेप्टिन १'.

म्हणून रकाना भरताना अंदाज बांधायचा नाही. हा रकाना मजकुराचा, हा संख्येचा, हे आधीच ठरवून ठेवायचे. ठरवल्याबाहेरचे काही आले, तर प्रोग्रामने थांबून स्पष्ट सांगायचे, "या ओळीचे काय करायचे ते मला कळले नाही." न कळलेले न कळले म्हणून सांगणे यात कमीपणा नाही. कळल्याचे सोंग करणारा प्रोग्राम फार धोक्याचा!

माहीत आहे का?

कॉम्प्युटरच्या चाचण्यांची एक जुनी नोंदवही अमेरिकेत स्मिथसोनियन या संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अगडबंब यंत्राच्या चाचण्या चालू होत्या. दुपारी पावणेचारच्या नोंदीत लिहिले आहे, की 'एफ' फळीवरच्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग सापडला. पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा हं, आकाशातला नव्हे. तो किडा तिथेच वहीत चिकटपट्टीने डकवला आहे! वेळ, जागा, कारण आणि वर पुरावासुद्धा. आपल्या फॉर्मचे सगळे रकाने भरले की नाही?

करून पाहा

एक को‍री वही घ्या. आठवडाभर घरातल्या एखाद्या गोष्टीची रोज चाचणी घ्या. नळाला पाणी ठरल्या वेळी आले का? एसटी वेळेवर आली का? आधी ती एका वाक्यात, मनाला येईल तशी लिहा. आठवड्यानंतर रकाने आखा : वार, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, निकाल, कारण. वाक्यांतून रकाने भरा. एखाद्या दिवशी तुम्ही पाहिलेच नसेल, तर 'पाहिले नाही' असेच लिहा. 'आले नाही' असे लिहू नका. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डोक्याला खुराक

खालच्या अहवालात किती चाचण्या बरोबर, किती चूक आणि कितींचा निकाल माहीत नाही?

एकूण चाचण्या : ६
चाचणी १ | बरोबर
चाचणी २ | बरोबर नाही
चाचणी ३ | बरोबर
प्रिंटरमधला कागद बरोबर लावा
चाचणी ४ | वगळली
चाचणी ६ | बरोबर

'बरोबर' हा शब्द पाच वेळा आला आहे, एवढी सूचना पुरे. उत्तर पुढच्या अंकात.

पालकांसाठी दोन शब्द

घरी कॉम्प्युटर नसला, तरी वरची वही करता येते. विजेचे बिल, वाण्याची यादी, दवाखान्यातला रक्ततपासणीचा कागद मुलांसमोर ठेवा आणि विचारा, "यात आकडे कोणते, एकके कोणती, आणि कुठला रकाना रिकामा आहे?" रिकाम्या रकान्यात मनाने काही भरायचे नसते, ही सवय लहानपणी लागली, तर ती कॉम्प्युटरबाहेरही उपयोगी पडते.

पुढच्या आठवड्यात आपण सोमवारचा अहवाल आणि मंगळवारचा अहवाल शेजारी ठेवून, कालपर्यंत नीट चालणारी कुठली गोष्ट आज बिघडली, ते कॉम्प्युटरकडूनच काढून घेऊ. तोवर आपापल्या वह्या भरून ठेवा. आणि हो, सोलापूरच्या मैत्रिणींनो, तो बारावा टॉवेल तेवढा मोजायला विसरू नका बरं का!